एस्पेरांतोमध्ये मामाला काय म्हणायचं? (बनवलेल्या भाषा आणि नात्यांचे शब्द)

ओसरी

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. मी चार वर्षांपूर्वी एस्पेरांतो शिकायला लागले, आधी मोबाईलवर, मग पुस्तकं मिळवून, आणि गेली दोन वर्षं हंगेरीतल्या एका बाईंशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. त्यांना मराठी येत नाही आणि मला हंगेरियन येत नाही, त्यामुळे आमची सगळी मैत्री या एका बनवलेल्या भाषेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एस्पेरांतो ही डॉ. झामेनहॉफ यांनी तयार केलेली भाषा, पहिलं पुस्तक 1887 साली वॉर्सात निघालं, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना बरोबरीने बोलता यावं एवढाच हेतू. व्याकरण अगदी सोपं, नाम असेल तर शेवटी ओ, विशेषण असेल तर आ, अपवाद नाहीत.

तर झालं असं की आई हल्ली तिच्या लहानपणच्या आठवणी सांगते, वाईजवळच्या गावातलं मोठं घर, आणि मी त्या भाषांतर करून या मैत्रिणीला पाठवते. मागच्या महिन्यात आईला लहानपणी ताप चढला होता तो प्रसंग पाठवला. मराठीत तो असा आहे: मामांनी आईला सायकलच्या दांडीवर बसवून वाईला दवाखान्यात नेलं, मामी मागून चालत निघाली, काका पैशाची सोय करायला पेठेत गेले आणि आत्या रात्रभर उशाशी बसून होती. चार माणसं, चार कामं, मराठी माणसाला एकदा ऐकून चित्र दिसतं.

एस्पेरांतोत मामा म्हणजे ओन्क्लो, काकाही ओन्क्लो. मामी ओन्क्लिनो, आत्याही ओन्क्लिनो. मी ते तसंच लिहून पाठवलं आणि तिचं उत्तर आलं, काळजीने विचारलं होतं की ओन्क्लो मुलीला दवाखान्यात घेऊन गेला तर मग पेठेत कोण गेलं, तो तिला तिथे एकटीला सोडून गेला का? आणि मागून चालत आलेली ओन्क्लिनो एवढी दमलेली असताना तिलाच रात्रभर जागं का ठेवलं?

मला इतकं वाईट वाटलं. माझ्या आईच्या मामांनी भाचीला दवाखान्यात एकटीला टाकलं असं कुणाला क्षणभर जरी वाटलं तरी ते मला सहन होईना. मामा म्हणजे आईचं माहेर, ओन्क्लो या शब्दात ते येतच नाही.

मग मी शोधायला बसले की या भाषेत नात्यांचे शब्द कसे आहेत. मूळ शब्द अगदी मोजके. पात्रो म्हणजे वडील, फ्रातो भाऊ, फिलो मुलगा, एदझो नवरा, आवो आजोबा, ओन्क्लो, नेवो म्हणजे भाचा-पुतण्या, कुझो म्हणजे चुलत-मामे भाऊ. आणि मग पुढे-मागे जोडायचे तुकडे. इनो लावलं की स्त्री, म्हणून आई म्हणजे पात्रिनो. पुढे बो लावलं की लग्नामुळे झालेलं नातं, हे फ्रेंचवरून घेतलंय, म्हणजे बोपात्रो सासरा, बोपात्रिनो सासू, बोफिलो जावई. प्रा लावलं की एक पिढी मागे किंवा पुढे, प्राआवो पणजोबा. आणि गे लावलं की दोन्ही मिळून, गेपात्रोय म्हणजे आईवडील, गेफ्रातोय म्हणजे भावंडं.

हे फार देखणं आहे हे मी मान्य करते, दहा मिनिटांत अख्खं कुटुंब पाठ होतं. पण बोफ्रातिनो बघा. नणंद पण बोफ्रातिनो, मेहुणी पण बोफ्रातिनो, वहिनी पण बोफ्रातिनो. जाऊ तर कशातच बसत नाही, 'दिराची बायको' असं सरळ सांगावं लागतं. ज्या घरात आईच्या आईने तीन जावा आणि दोन नणंदांबरोबर आयुष्य काढलं त्या घराची गोष्ट मी या शब्दांत कशी सांगू?

मला वाटतं झामेनहॉफ यांच्या घरात, त्यांच्या संस्कृतीत ही नाती वेगळी मानतच नसतील, म्हणून त्यांना शब्दांची गरज वाटली नाही. भाषा बनवणारा माणूस स्वतःचं घरच त्यात मांडतो असं मला वाटायला लागलंय. इथे भाषेत रस असलेले बरेच जण आहेत, तुम्हाला काय वाटतं? आणि मामांचं काय करू तेही सांगा.

घाटमाथा

छान धागा ओसरीताई. मामाचा प्रसंग वाचून आत हललं काहीतरी, आमच्याकडे पण आईचा मामा म्हणजे घरातला शेवटचा शब्द.

एस्पेरांतो येत नाही मला, पण इंग्रजीतून मुलांना शिकवताना हेच होतं, सगळे अंकल आणि सगळ्या आंटी. माझी मुलगी पुण्यात वाढली तरी शेजारचे पण अंकल आणि सख्खा काका पण अंकल म्हणायला लागली तेव्हा मी घरात नियमच केला की आपल्या माणसांना आपला शब्द.

तारामंडळ

ओसरी, तुमच्या मामांसाठी एक आनंदाची बातमी आहे, पण ती दुसऱ्या भाषेत.

स्टार ट्रेक या अंतराळकथांच्या मालिकेतल्या काल्पनिक परग्रहवासी लोकांची भाषा, क्लिंगॉन. मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाने बनवली, शब्दकोश 1985 साली आला. त्यात सुरुवातीला नाती थोडीच होती, वाव म्हणजे वडील, षोष म्हणजे आई, भाऊ लोडनी, बहीण बेनी. (षोषमधला तो ष आणि लोडमधला ड दोन्ही आपल्यासारखे जीभ वर वळवून म्हणायचे आहेत, इंग्रजी बोलणाऱ्यांना ते शिकावे लागतात, आपल्याला आयते येतात.) पण नंतर ओक्रांड यांनी आणखी नाती दिली आणि ती बघून मी खुर्चीतून उठलोच:

तेन्नुष म्हणजे वडिलांचा भाऊ, काका.
इर्नेख म्हणजे आईचा भाऊ, मामा.
एमाम म्हणजे वडिलांची बहीण, आत्या.
मे म्हणजे आईची बहीण, मावशी.

आणि या प्रत्येकाला मागे नल लावलं की त्याचा जोडीदार. इर्नेखनल म्हणजे मामी, तेन्नुषनल काकू, एमामनल आतोबा. नवऱ्याला पण लोडनल आणि बायकोला बेनल, म्हणजे तोच नल.

म्हणजे तुमचा प्रसंग क्लिंगॉनमध्ये एकही शब्द न वाढवता सांगता येतो. सायकल आणि पेठेचं काय करायचं ते वेगळं.

अजून एक. चुलत, मावस, आते, मामे या भावंडांसाठी पण क्लिंगॉनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. आई आणि मावशी या दोघी बहिणी, वडील आणि काका हे दोघे भाऊ, त्यांची मुलं एका गटात. आणि आत्या-मामा, म्हणजे जिथे आईबापाचं भावंड उलट लिंगाचं आहे, त्यांची मुलं दुसऱ्या गटात.

बेळगावची_वाट

तारामंडळ, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी थांबले. हे दोन गट म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं गणित आहे!

मी बेळगावची, घरात मराठी, शेजारी कानडी. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत आणि मावस भावंडांत अजिबात नाही, ती सख्खी भावंडंच. कानडीत अत्ते म्हणजे आत्या पण आणि सासू पण, मावा म्हणजे सासरा आणि सोदरमावा म्हणजे मामा, सगळं एकमेकांत गुंतलेलं. आणि मराठीत पण बघा ना, आमची आजी तिच्या सासऱ्यांना मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. ते तिचे मामा किंवा आत्या नव्हते, पण शब्द राहिले. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यांवर जो अभ्यास केला, 1953 साली पुस्तक आलं, त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून दाखवलाय, भाषा उत्तरेची आणि लग्नाच्या चाली बऱ्याच दक्षिणेच्या. हे मामंजी-आत्याबाई त्याचाच पुरावा.

म्हणून मला विचारायचंय, क्लिंगॉन लोकांत मामेबहिणीशी लग्न करतात का? शब्द वेगळा आहे म्हणजे चाल पण असायला हवी.

तारामंडळ

@बेळगावची_वाट, मला जेवढं माहीत आहे त्यात शब्द आहेत, लग्नाचा नियम कुठे सांगितलेला मी वाचलेला नाही. पण तुमचा प्रश्न फार बरोबर आहे. ओक्रांड यांची डॉक्टरेट कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेवर होती, 1977 ची. ज्याने अशा भाषांचं काम केलंय त्याला नात्यांचे शब्द हा भाषेचा किती महत्त्वाचा कोपरा आहे हे ठाऊक असणारच.

क्लिंगॉनमधली अजून एक गोष्ट मला फार आवडते. 'माझा' म्हणायला दोन प्रत्यय आहेत, बोलू शकणाऱ्या माणसासाठी वेगळा आणि वस्तूसाठी वेगळा. माझी आई म्हणताना माणसाचा प्रत्यय लावायचा. कुणी आपल्या मुलाला वस्तूचा प्रत्यय लावून 'माझा मुलगा' म्हणालं तर व्याकरण चुकत नाही पण तो त्या मुलाचा अपमान होतो. एवढ्याशा प्रत्ययात नात्याची अब्रू ठेवलीये.

मुळाक्षर

ओसरी, धागा उत्तम आहे पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी अजिबात सहमत नाही, आणि हे जरा सविस्तर लिहितो कारण ते महत्त्वाचं आहे.

झामेनहॉफ यांच्या घरात ही नाती वेगळी मानत नसतील असं तुम्ही म्हणता. ते 1859 साली ब्याविस्तोकला जन्मले, तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं. घरात रशियन आणि यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. आता रशियन बघा. नवऱ्याचा भाऊ म्हणजे देव्हेर. तुम्हाला ऐकून काही आठवलं का? संस्कृत देवृ, हिंदी देवर, मराठी दीर. एकच शब्द आहे तो. सून म्हणजे रशियनमध्ये स्नोखा, संस्कृतात स्नुषा, आपली सून. नवऱ्याची आई स्व्हेक्रोव्ह, आपली श्वश्रू म्हणजे सासू. नणंदेला वेगळा शब्द, झोलोव्हका. बायकोच्या भावाला वेगळा, शूरिन. बायकोच्या बहिणीला वेगळा आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे साडूला, पण वेगळा, स्व्होयाक. नवऱ्याचा बाप वेगळा आणि बायकोचा बाप वेगळा, जे आपल्याकडे पण नाही, आपण दोघांनाही सासरा म्हणतो.

आणि यिद्दिशमध्ये मेखुतन म्हणजे व्याही आणि मेखुतेनेस्ते म्हणजे विहीण. झामेनहॉफ यांनी तरुणपणी यिद्दिशचं व्याकरण लिहिलंय, त्यांना हे शब्द माहीत नव्हते असं म्हणताच येत नाही.

म्हणजे त्या माणसाच्या घरात दीर, नणंद, सून, साडू, व्याही सगळं होतं. शब्दांसकट होतं. त्याने ते मुद्दाम बाहेर ठेवलं. कारण त्याला अशी भाषा हवी होती जी शेतकरी, कामगार, कुणीही थोड्या दिवसांत शिकेल, आणि जिथे कुणा एकाच्या घराची वाटणी पक्की करून दुसऱ्याला ती पाठ करायला लावायची नाही. स्वतःच्या घराचे शब्द सोडून त्याने फ्रेंचचं बो घेतलं, कारण एका तुकड्यात काम भागत होतं.

उलट ओक्रांड इंग्रजी बोलणारा माणूस, म्हणजे अंकल-आंटीवाला, आणि त्याने मामा-काका वेगळे केले. दोन्ही उदाहरणं तुमच्या म्हणण्याच्या उलट आहेत. भाषा बनवणारा स्वतःचं घर मांडतो असं नाही, तो ठरवतो की कुणाचं घर मांडायचं.

ओसरी

मुळाक्षर, खरंच मनापासून आभार. दीर आणि देव्हेर एकच, हे वाचून मी दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. मी जे लिहिलं ते चूक होतं, मागे घेते.

आणि तुमच्यामुळे मला आठवलं की ते पहिलं पुस्तक छापलं गेलं ते झामेनहॉफ यांच्या होणाऱ्या सासऱ्यांनी दिलेल्या पैशांवर. जुलै 1887 मध्ये पुस्तक आलं आणि ऑगस्टमध्ये क्लारा यांच्याशी लग्न झालं. जावयावर एवढा विश्वास टाकणारा माणूस, ज्याच्या मदतीशिवाय ही भाषा छापली गेली नसती, त्या माणसाला त्या भाषेत नुसतं बोपात्रो. आता तो शब्द मला कोरडा वाटत नाहीये.

पण माझा मामांचा प्रश्न अजून सुटला नाही. त्यांनी बाहेर ठेवलं हे कारण पटलं, पण मला ते आत आणायचंय.

इंदूरकर_सराफा

मी इंदूरचा मराठी, तीन पिढ्या इथे. एक बाजू मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

इथे हिंदीत वडिलांचे वडील दादा आणि आईचे वडील नाना. आम्ही घरात मराठी बोलतो आणि दोघेही आजोबा. नातवंडांचं पण तेच, हिंदीत पोता वेगळा आणि नाती वेगळा, आमच्याकडे दोन्ही नातू. माझ्या लहानपणी मित्र विचारायचे, आजोबा आले म्हणजे कौन से, दादा या नाना? आणि मला दर वेळी आईचे वडील असं सांगावं लागायचं, अगदी तुम्हाला जसं ओन्क्लोचं झालं तसं.

म्हणजे मराठीने पण काही ठिकाणी गाळलंय आणि आपल्याला ते कधी कमी वाटलं नाही. मला माझे नाना, म्हणजे आईचे वडील, आजोबा या शब्दात पूर्ण मिळाले. शब्द एक होता म्हणून माया अर्धी झाली नाही.

अबोली_कु

हे वाचून मला लिहावंसं वाटलं. मी सहा वर्षांची असताना बाबा गेले आणि नंतर आईने दुसरं लग्न केलं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाबाच म्हणते.

मी पण कॉलेजमध्ये थोडे दिवस एस्पेरांतो शिकत होते आणि तिथे सावत्र वडिलांना शब्द आहे दुओनपात्रो. दुओन म्हणजे अर्धा. मी शिक्षिकेला विचारलं होतं, यांना अर्धा बाप म्हणायचं का? ज्यांनी माझी फी भरली, दहावीच्या रात्री माझ्याबरोबर जागले, त्यांना मी अर्धे म्हणू शकले नाही. मी पात्रो म्हणाले आणि ते वाक्य तसंच ठेवलं. मराठीत सावत्र शब्द सवतीवरून आलाय, तो पण काही गोड नाही, पण त्यात निदान मोजमाप नाही.

पाऊलवाट

@अबोली_कु, लोजबान नावाची एक तर्कशास्त्रावर उभी केलेली भाषा आहे, 1987 पासून त्यावर काम चालू आहे. तिथे नातं हे नाम नसतं, ते एक वाक्यच असतं ज्यात जागा असतात. ब्रुना म्हणजे भाऊ, पण त्याच्या तीन जागा: हा, त्याचा भाऊ आहे, अमुक नात्याने. त्या तिसऱ्या जागेत तुम्ही आईवडील भरू शकता, किंवा शपथ, किंवा मानलेलं नातं. व्याख्येतच सांगितलंय की रक्ताचं असायलाच हवं असं नाही. वडिलांसाठीच्या शब्दालाही तेच लागू आहे.

आपल्याकडे मानलेला भाऊ, राखीचा भाऊ आहे ना, तो लोजबानमध्ये कसलंही विशेषण न लावता ब्रुनाच राहतो, फक्त तिसऱ्या जागेत राखी येते. मला हे फार न्यायाचं वाटतं.

पण मामा-काका तिथे पण नाहीत. फाम्ती म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी सगळं एकच, बाई का पुरुष हे पण कळत नाही.

नीलमोहर

मला एस्पेरांतोतलं दुसरंच खटकतं आणि अजून कुणीच बोललं नाही. आई म्हणजे पात्रिनो, म्हणजे 'बाप-स्त्री'. बहीण म्हणजे 'भाऊ-स्त्री'. आई या शब्दासाठी आधी बाप घ्यावा लागतो. मी मुलीला शिकवायला घेतलं होतं, तिने पहिल्याच दिवशी विचारलं की आई आधी का नाही? मला उत्तर देता आलं नाही.

सुझेट हेडन एल्गिन यांनी 1982 मध्ये लादान नावाची भाषा बनवली, स्त्रियांच्या अनुभवासाठी, तिथे बरोबर उलट आहे. साधा शब्द घेतला की तो स्त्रीचा, पुरुष सांगायचा असेल तर मागे इद लावायचं. एस्पेरांतोत पण बरेच लोक पुरुषासाठी वेगळा प्रत्यय, इचो, वापरा म्हणतात म्हणजे मूळ शब्द कुणाचाच राहणार नाही. पण 1905 साली भाषेचा पाया म्हणून जे पक्कं केलं त्यात पात्रो म्हणजे बापच आहे, ते हलवायला कुणी तयार होत नाही.

मराठीत भावंड हा शब्द किती शहाणा आहे ते मला तेव्हा कळलं. एक भावंड. मुलगा का मुलगी ते सांगायची सक्ती नाही. एस्पेरांतोत गेफ्रातोय अनेकवचनात चालतं पण एकवचनात गेफ्रातो म्हटलं की जुनी मंडळी नाराज होतात.

मुळाक्षर

नीलमोहर, मुद्दा शंभर टक्के मान्य. नणंद-जाऊच्या बाबतीत मी झामेनहॉफ यांची बाजू घेतली, इथे घेणार नाही. हे त्यांच्या काळाचंच आहे.

ओसरी, मामांबद्दल. उत्तर भाषेतच आहे, तुम्ही ओन्क्लोवर अडकलात. एस्पेरांतोत दोन शब्द जोडून तिसरा करायला कुणाची परवानगी लागत नाही. आई पात्रिनो, भाऊ फ्रातो. पात्रिनफ्रातो. आईचा भाऊ. काका पात्रोफ्रातो, आत्या पात्रोफ्रातिनो, मावशी पात्रिनफ्रातिनो. जगात कुठलाही एस्पेरांतो बोलणारा माणूस हे पहिल्यांदा वाचूनही समजेल. झामेनहॉफ यांनी खोल्या बांधून दिल्या नाहीत, विटा दिल्या.

घाटमाथा

पण सरळ मामा हाच शब्द का नाही ठेवायचा? मामो करा, ओ तर लागतोच शेवटी.

ओसरी

घाटमाथा, मी तेच आधी केलं होतं आणि पाठवायच्या आधी शब्दकोश बघितला म्हणून वाचले. एस्पेरांतोत मामो म्हणजे स्तन.

पात्रिनफ्रातो मी काल रात्री बसून लिहून पाहिलं. पात्रिनफ्रातोने मुलीला सायकलवर घेतलं. पात्रोफ्रातो पेठेत गेला. पात्रोफ्रातिनो रात्रभर बसली. मामीसाठी 'पात्रिनफ्रातोची बायको' असं लिहावं लागलं, तिला एक शब्द नाही मिळाला याची रुखरुख आहे, तारामंडळ यांचं नल इथे हवं होतं. पण वाचताना पहिल्यांदाच चार माणसं चार दिसली. आणि पात्रिनफ्रातो हा शब्द मला आवडायला लागलाय, कारण त्यात सुरुवातीलाच आई आहे.

एक राहिलंच. मराठीत 'मामा आले', 'मामांनी नेलं', आपण आदरार्थी बोलतो. एस्पेरांतोत सगळ्यांना व्ही, लहान-मोठं काही नाही, तू पण तेच आणि तुम्ही पण तेच. ते मात्र मी आणू शकले नाही.

बेळगावची_वाट

ओसरीताई, ते पत्रात एक ओळ घालून सांगा ना, की आमच्याकडे मामांना एकटे असले तरी अनेकवचनात बोलतात. त्यांना आवडेल.

आणि इथे कुणी लहान-मोठ्या भावंडांचं बोललं नाही. दादा, ताई हे किती मोठं आहे आपल्याकडे, या धाग्यावर पण सगळे ताई-दादा म्हणतायत, कोण कुणाहून मोठं माहीत नसताना.

तारामंडळ

त्याला उदाहरण आहे. डेव्हिड पीटरसन यांनी टीव्ही मालिकेसाठी हाय व्हॅलीरियन भाषा उभी केली त्यात नुसता 'भाऊ' नाहीच. मोठा भाऊ लेकिआ, धाकटा वालोन्कार, मोठी बहीण मान्दिआ, धाकटी हाएदार. आपल्याकडे दादा आणि ताई आहेत पण धाकट्याला हाक मारायचा शब्द नाही, त्याला नावानेच बोलवतो. तिथे धाकट्यालाही त्याचा स्वतःचा शब्द आहे. मी घरात शेंडेफळ, त्यामुळे मला हे बघून बरं वाटलं होतं.

ओसरी

दहा दिवसांनी परत आले. पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं, आणि ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बेळगावची_वाट, अनेकवचनाची ओळ घातली, तिने ती वहीत उतरवून ठेवलीये म्हणे. पात्रिनफ्रातो तिला लगेच कळला, तिने लिहिलंय की आता मला सायकल चालवणारा माणूस दिसतो, त्याची पाठ दिसते. पेठेत गेलेल्या काकांना पैसे मिळाले का हेही विचारलंय. (मिळाले. आईच्या आजीच्या पाटल्या गहाण ठेवून. ते पुढच्या पत्रात.)

पण पुढे तिने जे लिहिलंय त्यासाठी खरं तर हे लिहितेय. तिने म्हटलंय की तुझं पत्र वाचून मी माझी जुनी पत्रं काढून पाहिली. हंगेरियनमध्ये मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना अगदी वेगळे शब्द आहेत, मोठा तो बात्य, धाकटा तो ओच, बहिणींनाही तसेच दोन. आणि एस्पेरांतोत दोघेही फ्रातो.

दोन वर्षं ती मला तिच्या फ्रातोबद्दल लिहितेय. फ्रातोने घराचं छप्पर दुरुस्त केलं. फ्रातो दर रविवारी जेवायला येतो. फ्रातो आजारी आहे. फ्रातो गेला, त्या पत्राला मी सांत्वनाचं उत्तर पाठवलं होतं. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तिने लिहिलं होतं की रविवारी फ्रातो आला होता, आम्ही अंगणात बसलो. तेव्हा मला वाटलं होतं की ती दुःखात आहे, तिला तो दिसत असेल, आणि मी त्याबद्दल काहीच विचारलं नाही.

गेला तो बात्य, मोठा. रविवारी येतो तो ओच.

मी आज संध्याकाळी सगळी पत्रं पुन्हा काढून बसलेय, पेन्सिलीने प्रत्येक फ्रातोच्या वर मोठा का धाकटा ते लिहितेय. छप्पर दुरुस्त करणारा कोण ते अजून कळत नाहीये, तिला विचारलंय.